‘शांत’ प्रोपेलर घ्यावेत का? ड्रोनच्या आवाजाबद्दल वाचकांचे प्रश्न

लग्नसराईत ड्रोनच्या आवाजाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: दुसऱ्या कंपनीचे कमी आवाजाचे प्रोपेलर लावून खरंच फरक पडतो का? म्हणून पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे डीजेआय मिनी २ आहे. निपाणी-चिकोडी भागात लग्नांचं शूटिंग करतो. मंगलाष्टका चालू असताना ड्रोन वर गेला की वडीलधारी मंडळी वैतागतात, आणि व्हिडिओतही भुणभुण येते. ऑनलाइन ‘सायलेंट’, ‘लो नॉइज’ अशा नावांचे प्रोपेलर दिसतात. ‘आवाज निम्मा’ असं पाकिटावर छापलेलं असतं. घेऊ काय?
— एक छायाचित्रकार, निपाणी

उत्तर : मिनी २ साठी घेऊ नका. त्याच पैशात कंपनीचे मूळ प्रोपेलर नवे घ्या.

‘निम्मा’ या शब्दाने फसगत होते. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल कमी झाले की ध्वनीची शक्ती निम्मी होते, पण कानाला आवाज निम्मा वाटायचा तर साधारण १० डेसिबल कमी व्हावे लागतात. १ डेसिबलचा फरक बहुतेकांना जाणवतही नाही. ३ डेसिबलचा जाणवतो, तोही एकापाठोपाठ एक ऐकवला तर. म्हणजे पाकिटावरचा आकडा खरा धरला तरी मांडवातल्या माणसाला ड्रोन ‘थोडा हळू’ वाटेल, एवढंच.

तुलनेला एक उदाहरण घ्या. डीजेआयने २०१७ मध्ये मॅव्हिक प्रो प्लॅटिनम आणला, तेव्हा जुन्या मॅव्हिक प्रोपेक्षा आवाज ४ डेसिबलपर्यंत, म्हणजे शक्तीच्या हिशेबात ६० टक्के, कमी झाल्याचं जाहीर केलं. त्यासाठी प्रोपेलरची टोकं नव्या आकाराची केली आणि मोटरला वीज पुरवणारा ईएससीही बदलला. ज्या कंपनीच्या हातात मोटर, ईएससी आणि प्रोपेलर तिन्ही होते, तिने सगळं मिळून ४ डेसिबल मिळवले. नुसती पाती विकणारा त्याहून जास्त देतो म्हणत असेल, तर त्याने ते कशाच्या तुलनेत, किती अंतरावर आणि किती वजन उचलताना मोजलं हे विचारा. पाकिटावर ते सहसा नसतं.

आता आवाज येतो कुठून ते पाहू. पात्याचं टोक सगळ्यात वेगाने फिरतं. तिथे खालची दाबाची हवा वरच्या बाजूला वळते आणि भोवरा तयार होतो. शिवाय पात्याच्या मागच्या कडेवरून सुटणारी हवा सळसळते. टोकाचा वेग वाढला की आवाज त्या वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताच्या आसपास वाढतो. उलट बाजूने, टोकाचा वेग १० टक्क्यांनी कमी केला तर अडीच डेसिबलच्या आसपास फायदा होतो. पण ड्रोनचं वजन तेवढंच असल्यामुळे हळू फिरून तेवढीच उचल द्यायची तर पातं लांब, रुंद किंवा जास्त पिचचं (म्हणजे जास्त तिरकं, एका फेरीत हवेतून जास्त पुढे सरकणारं) हवं. मिनीवर लांब पातं बसत नाही, कारण हातांमधली जागा ठरलेली आहे. पातं रुंद केलं किंवा पिच वाढवलं की मोटरवर भार वाढतो, ती जास्त करंट ओढते आणि गरम होते. म्हणून ‘शांत’ प्रोपेलरबरोबर उड्डाणाची मिनिटं कमी झाल्याच्या तक्रारी येतात. ड्रोनचा तोल सावरणारा फ्लाइट कंट्रोलरही मूळ पात्याच्या वजनावर बेतलेला असतो. जड पातं वेग वाढवायला-कमी करायला वेळ लावतं, मग वाऱ्यात ड्रोन डुलतो आणि व्हिडिओ थरथरतो.

तुमच्यासाठी वजनाचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. मिनी २ चं उड्डाणाचं वजन २४९ ग्रॅमच्या आत ठेवलेलं आहे. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्याच्या वर २ किलोपर्यंत मायक्रो वर्ग. मायक्रो ड्रोन हौसेखातर उडवणाऱ्याला प्रमाणपत्राची सूट आहे, पण तुम्ही पैसे घेऊन शूटिंग करता, म्हणजे तुम्हाला ती नाही. विमाही लागतो. आठ पाती मिळून दोन ग्रॅम जास्त भरली तरी तुमचा ड्रोन वर्ग ओलांडतो. तेव्हा पाती बदलणार असालच, तर ड्रोन बॅटरी आणि कार्डासकट ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर आधी वजन करून घ्या.

पैसे न घालता आवाज कमी करायचा मार्ग म्हणजे अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. २० मीटरवर तरंगणारा ड्रोन ४० मीटरवर नेला तर प्लॅटिनमच्या सगळ्या सुधारणेपेक्षा जास्त फायदा होतो. म्हणून मांडवाचे जवळचे शॉट वरात आणि सीमांत पूजनाच्या वेळीच घेऊन ठेवा. मंगलाष्टकांना ड्रोन कार्यालयाच्या बाहेर, बाजूला आणि उंच ठेवा. पाहुण्यांच्या डोक्यावर तर कधीच नको, मग आवाज कितीही कमी असो. स्पोर्ट मोड बंद ठेवा, सिने मोडमध्ये मोटरचा वेग कमी चढ-उतार करतो. उतरवताना सरळ खाली आणू नका. ड्रोन स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत शिरतो आणि फडफडल्यासारखा मोठा आवाज करतो. तिरका, पुढे सरकवत उतरवा. प्रोपेलर गार्ड लावले असतील तर तेही आवाज वाढवतात: वजन वाढतं आणि पात्याजवळची हवा अडखळते. मोकळ्या पटांगणात ते काढा, पण हॉलमध्ये उडवायचंच असेल तर गार्ड राहू देत.

व्हिडिओतली भुणभुण ही वेगळी गोष्ट आहे. मिनी २ स्वतः आवाज रेकॉर्ड करत नाही. ती भुणभुण खाली उभ्या असलेल्या कॅमेऱ्याच्या माइकमधून येते. गुरुजींच्या माइकचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लाइनने घ्या. ड्रोन कितीही मोठ्याने ओरडला तरी मंगलाष्टका स्वच्छ येतील.

प्रश्न : माझा मॅव्हिक प्रो जुना आहे, ८३३० नंबरचे प्रोपेलर आहेत. ८३३१ बसतात असं ऐकलं. फायदा आहे का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : तुम्ही मात्र घ्या. ८३३१ हे प्लॅटिनमसाठी काढलेले मूळ कंपनीचे प्रोपेलर आहेत आणि मॅव्हिक प्रोवर तसेच बसतात. नंबरचा अर्थ असा: पहिले दोन आकडे म्हणजे व्यास ८.३ इंच, पुढचे दोन म्हणजे पिच ३.१ इंच. ईएससी जुनाच राहणार असल्याने पूर्ण ४ डेसिबल मिळणार नाहीत, पण टोकाची तिखट शीळ कमी झालेली कानाला कळते. डीजेआयच्याच फँटम ४ मालिकेच्या मालकांनाही हेच लागू आहे: ९४५०एसच्या जागी ९४५५एस हे कमी आवाजाचे मूळ प्रोपेलर आहेत. त्यानंतरच्या मॅव्हिक २, मॅव्हिक एअर २ वगैरेंना कंपनीने आधीच कमी आवाजाची पाती दिलेली आहेत. तिथे दुसऱ्या कंपनीला सुधारायला फारसं उरलेलं नाही.

बसवताना पांढरी कडी असलेला प्रोपेलर पांढरी खूण असलेल्या मोटरवरच जातो. चारही एकदम बदला. दोन जुने, दोन नवे असं करू नका, नाहीतर चार मोटर वेगवेगळ्या फेऱ्यांवर फिरतील आणि सुरांची ओढाताण ऐकू येईल.

प्रश्न : दोन संच आहेत, एक मूळ आणि एक दुसऱ्या कंपनीचा. कुठला कमी आवाज करतो ते घरच्या घरी कसं मोजायचं? मोबाइलचं अ‍ॅप चालेल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : चालेल, पण फक्त तुलनेसाठी. मोबाइलचा आकडा स्वतंत्रपणे खरा नसतो. दोन मोजण्यांमधला फरक मात्र बऱ्यापैकी भरवशाचा असतो, जर बाकी काही बदललं नाही तर.

पहाटे, वारा पडलेला असताना, मोकळ्या माळावर जा. सांबऱ्याच्या विमानतळाचा आणि कॅम्पातल्या लष्करी हद्दीचा भाग टाळा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा आधी उघडून तुमची जागा हिरव्या, म्हणजे उड्डाणाला मोकळ्या भागात आहे का ते पाहा. फोन तिवईवर लावा, हातात धरू नका. फोनपासून १० मीटरवर जमिनीवर खूण करा आणि तिच्या बरोबर वर ५ मीटर उंचीवर ड्रोन स्थिर ठेवा. आधी ड्रोन बंद असताना भोवतालचा आवाज नोंदवा. तो ड्रोनच्या आकड्यापेक्षा निदान १० डेसिबल कमी हवा, नाहीतर तुम्ही कावळे आणि ट्रॅक्टरच मोजाल. मग प्रत्येक संचाचं अर्ध्या मिनिटाचं सरासरी वाचन तीनदा घ्या, आणि संच आलटून-पालटून लावा. सगळी वाचनं एका संचाची आधी आणि दुसऱ्याची नंतर घेतली तर मधे वारा सुटतो, बॅटरी उतरते, आणि तो फरक प्रोपेलरच्या नावावर जमा होतो.

त्याच फेरीत दुसरी गोष्ट नोंदवा: ९० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर बॅटरी यायला किती मिनिटं लागली. ड्रोन एकाच उंचीवर, त्याच बॅटरीने. उतरल्या उतरल्या चारही मोटरना बोट लावून पाहा. सगळ्या सारख्याच कोमट हव्यात. एखादी चटका देत असेल तर त्या बाजूचं पातं किंवा बेअरिंग बिघडलेलं आहे. आवाज २ डेसिबलपेक्षा कमी घटला आणि मिनिटंही घटली, तर तो संच परत करा.

बेळगावकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्के विरळ असते, म्हणून तेच वजन उचलायला मोटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात. एप्रिलच्या दुपारी त्यात आणखी भर पडते. वेंगुर्ल्याला किंवा गोव्यात चाचणी घेतलेला आकडा इथे तसाच मिळत नाही. जड पात्याला लागणारी मोटरची शिल्लक ताकद इथे आधीच थोडी कमी असते.

प्रश्न : सहा महिन्यांपूर्वी ड्रोन घेतला तेव्हा आवाज ठीक होता. आता शिट्टी मारल्यासारखा येतो. प्रोपेलर तुटलेले नाहीत.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुटलेले नसले तरी झिजलेले असणार. तांबड्या मातीच्या वाटेवरून किंवा खळ्यातून थेट उडवलं की खालची धूळ वर येते आणि पात्याच्या पुढच्या कडेवर सतत आपटते. नव्या पात्याची कड गुळगुळीत असते. झिजलेल्या कडेवर हवा लवकर सुटते आणि शीळ घालते.

बॅटरी काढा. पातं उजेडाकडे धरून पुढच्या कडेवरून नख हळूच ओढा. नख कुठेही अडकलं तर ते पातं बाद. टोकाशी पांढरट रेष दिसते का पाहा. प्लास्टिक वाकून ताणलं गेलं की तशी रेष येते आणि पुढे तिथेच तुटतं. मधल्या बिजागरीपाशी बारीक तडा पाहायला पातं किंचित वाकवून बघा. ओल्या मऊ कपड्याने पुसा, पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लास्टिक ठिसूळ होतं. ऊस जाळतात त्या दिवसांत काजळी पात्याला चिकटते. ती पुसल्यावरच अनेकदा निम्मी तक्रार संपते.

पाती स्वच्छ आणि धड असूनही आवाज येत असेल तर प्रोपेलर काढून मोटर बोटाने हळू फिरवा. आत वाळू असल्यासारखी खरखर लागली तर बेअरिंग गेलं. तिथे कुठलाही महागडा प्रोपेलर उपयोगी नाही.

मिनीसारख्या ड्रोनमध्ये पाती स्क्रूने बसतात, तिथे चुका जास्त होतात. एका मोटरवरची दोन्ही पाती नेहमी एकत्र बदला, कारण एक जुनं आणि एक नवं यांच्या वजनात फरक असतो आणि तो फरक कंप बनून कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलपर्यंत जातो. खूण असलेली पाती खूण असलेल्या हातावर, बिनखुणेची बिनखुणेच्या. अदलाबदल झाली तर उडताक्षणी ड्रोन कलंडतो. पाकिटात आलेले नवे स्क्रू वापरा: त्यांच्या आट्यांवर सैल होऊ नये म्हणून लेप असतो, तो जुन्या स्क्रूवर उरलेला नसतो. मोटर हातात धरून स्क्रू आवळा, ड्रोनचा हात पिरगाळू नका. अडेपर्यंत आवळा, त्यापुढे जोर नको. पातं मोकळं हललं पाहिजे. आवळून घट्ट बसलेलं पातं फिरताना सरळ उघडत नाही. मग छातीच्या उंचीवर दोन मिनिटं उडवून उतरवा आणि स्क्रू पुन्हा तपासा.

पुढच्या वेळी जमिनीवरून उडवू नका. घडीचा लँडिंग पॅड नसेल तर ताडपत्रीचा जाड तुकडा पसरा आणि कोपऱ्यांवर दगड ठेवा. ताडपत्री सैल असेल तर ती उडून पात्यात जाते.

प्रश्न : फवारणीचा १० लिटरचा ड्रोन भाड्याने चालवतो. उसात हरकत नाही, पण वस्तीजवळ म्हशी बिथरतात. त्याला कमी आवाजाची पाती लावता येतील काय?
— एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : लावू नका. फवारणीत पात्यांखालची हवाच थेंब पिकाच्या आत ढकलते. पातं बदललं की त्या हवेचा जोर आणि पट्ट्याची रुंदी दोन्ही बदलतात, औषध कुठे जास्त, कुठे कमी पडतं. शिवाय हे ड्रोन प्रमाणित मॉडेलचे असतात. प्रमाणपत्रात नसलेली पाती लावून अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला कारण मिळतं. गोठ्यापासून दूरच्या बांधावरून उड्डाण करा, वस्तीकडची फेरी शेवटी घ्या, आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून जनावरं हलवायला लावा.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहोत. वळ्याच्या आकाराचे टोरॉइडल प्रोपेलर थ्रीडी प्रिंटरवर काढून प्रकल्प करायचा आहे. आवाज खरंच कमी होतो का?
— विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : कल्पना भक्कम आहे. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीने ड्रोनसाठीच्या अशा प्रोपेलरवर काम केलं आणि त्याला २०२२ चा आर अँड डी १०० पुरस्कार मिळाला. पात्याला मोकळं टोकच नसतं, ते वळून पुन्हा मधल्या भागाला मिळतं. त्यामुळे टोकाचा भोवरा पसरतो आणि कानाला टोचणारे उंच स्वर कमी होतात. किंमत मोजावी लागते वजनात आणि अनेकदा कार्यक्षमतेत.

प्रकल्पात एक चूक जवळजवळ सगळे करतात: साधा आणि टोरॉइडल दोन्ही सारख्या फेऱ्यांवर फिरवून आवाजाची तुलना. तुलना सारख्या उचलीवर झाली पाहिजे. प्रोपेलर थ्रस्ट स्टँडवर (उचल मोजणाऱ्या स्टँडवर) लावा, दोन्हींना उदाहरणार्थ २०० ग्रॅम उचल द्यायला लावा, आणि तेव्हाचे डेसिबल, फेऱ्या आणि वॅट तिन्ही लिहा. आवाजाचा आलेख वारंवारतेप्रमाणे काढा. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असेल तर मुख्य स्वर २०० हर्ट्झला येतो: फेऱ्या गुणिले पाती भागिले ६०. त्या स्वराचं शिखर आणि २ ते ५ किलोहर्ट्झमधला भाग वेगळे पाहा. आपला कान त्याच पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. प्रिंटचे थर जिथे जुळतात तिथेच पातं फाटतं, आणि पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. चाचणी जाळीच्या पिंजऱ्यात घ्या, डोळ्यांना चष्मा लावा, आणि पात्याच्या फिरण्याच्या पातळीत कुणीही उभं राहू नका. तुटलेला तुकडा त्याच पातळीत सुटतो. छापलेला प्रोपेलर माणसांजवळ उडवू नका.

प्रश्न : कार्बन फायबरची पाती शांत असतात का?
— एक वाचक, हिंडलगा

उत्तर : फक्त कार्बनची आहेत म्हणून नाही. आवाज पात्याच्या आकारावर ठरतो. लहान ड्रोनवर कार्बनचं पातं कडक असल्याने कंप सरळ फ्रेममध्ये पोचवतं, आणि कुणाला लागलं तर प्लास्टिकपेक्षा खोल जखम करतं.

प्रश्न : उन्हात गाडीत ठेवलेले प्रोपेलर वाकल्यासारखे वाटतात. गरम पाण्यात घालून सरळ केले तर?
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : नाही. प्लास्टिक वरून सरळ दिसतं, पण पात्याचा पीळ पूर्वीसारखा येत नाही. प्रोपेलर काचेच्या तावदानावर आडवा ठेवा आणि दोन्ही टोकांची काचेपासूनची उंची पट्टीने मोजा. एका मिलिमीटरचाही फरक असेल तर त्या मोटरवरची पूर्ण जोडी टाकून द्या. नवी पाती ड्रोनबरोबर आलेल्या होल्डरमध्ये बांधून, सीटखाली सावलीत ठेवा, डॅशबोर्डवर नको.